बोर्डावरची ताई

४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची सवय आहे, पण आज हात वळत नाही. आधी भांडून घेऊ, आशीर्वादाचं मग बघू.

फोन केला नाही, कारण फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि अडचणीचं काही निघालं की तुझा आवाज तुटायला लागतो. पत्राचा आवाज तुटत नाही. तेव्हा नीट बसून वाच आणि उत्तरही हातानेच लिही.

परवा आमच्या हॉस्पिटलात, सुईने तपासणी करतो त्या खोलीत, एक बाई आली. शिवणकाम करणारी. बोटं टोचून टोचून निबर झालेली, त्यामुळे माझ्या सुईला ती अजिबात घाबरली नाही. मानेत गाठ होती. मी हातमोजे चढवत विचारलं, आधी कुठे दाखवलंय का. ती हसली. म्हणाली, "अहो डॉक्टर, तुम्हालाच तर दाखवलंय!" मला वाटलं, चेहऱ्यात गल्लत करतेय. तर तिने पिशवीतून रिपोर्ट काढला. वर आपल्या लॅबचं नाव. खाली माझं नाव, माझी पदवी, माझा रजिस्ट्रेशन नंबर आणि माझी सही. तारीख गेल्या नोव्हेंबरातली.

मला लॅब सोडून दीड वर्ष झालं, बारक्या.

आमचे सर, म्हणजे माझे वरिष्ठ, शेजारीच उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. इथे लागताना मी लिहून दिलंय की मी दुसरीकडे कुठेही काम करत नाही. ती बाई बिचारी मलाच समजावत होती, "रोज एवढे पेशंट, तुमच्या कुठे लक्षात राहणार." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि तो तिच्यासमोर दाखवायचीही सोय नव्हती.

सही मी ओळखली. ती माझीच आहे, एकदाच केलेली. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तू म्हणालास, "ताई, एक सही कोऱ्या कागदावर दे, रिपोर्टावर आपोआप उमटेल, तुझा हात वाचेल." त्या सहीत मधे पेन अडकून शाई तुटली होती. बाईच्या रिपोर्टावर नेमकी त्याच जागी तुटलेली आहे.

मी का गेले ते तुला माहीत आहे. तुझं एकच पालुपद असायचं, "सोप्या स्लाइडा तरी न बघता सोडत जा, लोक ताटकळतात." आणि मी म्हणायचे, सोपी आहे हे बघितल्यावरच कळतं. त्यावरून आपलं रोज वाजायचं. जाताना मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. बोर्डावरून माझं नाव काढ, आणि दुसरा पॅथॉलॉजिस्ट ठेव. तू मान डोलावलीस. तुझी ती मान लहानपणापासूनच फुकट डोलते.

मला एवढंच सांग, स्लाइडा बघतं कोण?

ताई

ता. क. आई फोनवर का येत नाही? दर वेळी एक तर झोपलेली असते, नाहीतर आंघोळीला गेलेली. माणूस एवढ्या आंघोळी करतं का?

---

१३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घे. रागावलेली असलीस तरी घे, नमस्काराला काय होतंय.

तुझं पत्र दुकान उघडताना मिळालं. (लॅबला दुकान म्हटलेलं तुला खपत नाही, माहीत आहे. पण शटर वर करतो तेव्हा दुकानच वाटतं.) वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका ग्राहकाची रक्ताची नळी दुसऱ्याच्या रॅकमधे ठेवणार होतो, वेळेवर लक्षात आलं.

बोर्डाचं म्हणशील तर स्क्रू गंजलेत. तीनदा माणूस बोलावला. एकदा त्याच्याकडे शिडी नव्हती, एकदा पेचकस नव्हता, आणि एकदा तो आलाच नाही. सहीचं म्हणशील तर ती कॉम्प्युटरातून काढायची कशी हे ज्याने बसवलं त्यालाच माहीत आणि तो फोन उचलत नाही. मुद्दाम काही केलेलं नाही गं. राहून गेलं.

स्लाइडा बघायला एक डॉक्टर येतात. आठवड्यातून दोनदा. मोठे आहेत, अनुभवी आहेत. त्यांचं नाव चढवायचं तेवढं बाकी आहे.

आता रागावणार नसशील तर एक विचारू? त्या शिवणकामवाल्या बाईचा रिपोर्ट चुकला होता का? तू नक्की तपासला असणार, तुला मी ओळखतो. चुकला असता तर पहिल्या ओळीत लिहिलं असतंस. म्हणजे चुकलेला नाही. मग एवढी आदळआपट कशासाठी? इथल्या लोकांचा तुझ्या नावावर विश्वास आहे. नुसतं "ताईने बघितलंय" म्हटलं तरी माणसाचा चेहरा उजळतो. चांगलंच आहे ना ते? आणि इथे काम करणाऱ्या चौघांच्या घरी चूल या लॅबवर पेटते, हेही तू विसरू नकोस.

आईचं म्हणशील तर ती रागावली आहे तुझ्यावर. का ते मला विचारू नकोस. तुम्हा मायलेकींच्या मधे मी पडत नाही.

तुझा
बारक्या

---

२० फेब्रुवारी

बारक्या,

अनुभवी डॉक्टरांचं नाव काय? शिकले कुठे? रजिस्ट्रेशन नंबर? माणूस आठवड्यातून दोनदा येतो आणि त्याला नाव नाही, हे कसलं भूत ठेवलंयस लॅबमधे?

बाईचा रिपोर्ट बरोबर होता. गाठ क्षयाचीच आहे, औषधं चालू केली आहेत. हे मी लपवणार नाही. पण त्यातली वाक्यं माझ्या जुन्या रिपोर्टातून उचललेली आहेत, ओळीच्या ओळी. कुठलाही डॉक्टर दुसऱ्याची वाक्यं अशी उचलत नाही. म्हणजे स्लाइडा तूच बघतोस. कबूल कर किंवा नको करूस, मला कळायचं ते कळलं.

तू स्लाइड बनवतोस त्यात तुझा हात धरणारा कोणी नाही. मेणात बसवलेल्या तुकड्यातून तू जितके पातळ काप काढतोस तितके इथे एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कोणाला जमत नाहीत. हे मी सरांनाही सांगितलेलं आहे, अभिमानाने. पण बनवणं वेगळं आणि वाचणं वेगळं. सहा वर्षं माझ्या शेजारी बसलास म्हणून तू पॅथॉलॉजिस्ट होत नाहीस. मला शिकायला किती वर्षं गेली ते तू पाहिलंयस, आणि तरी अजूनही अधूनमधून एखादी स्लाइड अशी येते की मी निमूट उठून सरांच्या खोलीत जाते आणि म्हणते, जरा बघता का. तुला अडलं की तू कोणाच्या खोलीत जातोस?

मी गेल्यापासून जेवढ्या बायॉप्सी झाल्या तेवढ्यांच्या सगळ्या स्लाइडा आणि मेणाचे ठोकळे मला पाठव. एकही मागे ठेवू नकोस. मी सुट्टीच्या दिवशी बसून बघीन. महिनाअखेरपर्यंत आल्या नाहीत तर मेडिकल काउन्सिलला पत्र जाईल. धमकी देत नाही, आधी सांगून ठेवतेय.

ताई

---

२० फेब्रुवारी

आई,

बारक्या म्हणतो तू माझ्यावर रागावली आहेस. कशावरून ते सांगायला तो तयार नाही आणि तू फोनवर येत नाहीस, म्हणून लिहितेय.

मला अंदाज आहे. मी लॅब सोडून इकडे आले ते तुला आवडलं नव्हतं. धाकट्याला एकट्याला टाकून गेली असं तू मावशीला म्हणालीस, ते माझ्यापर्यंत आलं. तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही. तुझा धाकटा माझ्या नावावर, माझ्या सहीने, मी कधी न पाहिलेले रिपोर्ट लोकांच्या हातात देतोय. यात माझी डॉक्टरकी जाऊ शकते. आणि ते राहिलं बाजूला, कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. आणि रागावून बसली आहेस तू, माझ्यावर! लहानपणी त्याने बशी फोडली की धपाटा मला बसायचा, "तू मोठी ना, तुझं लक्ष कुठे होतं?" म्हणून. चाळिशी उलटली तरी तेच चालू राहणार का?

एकदा तरी माझ्या बाजूने विचार कर. आणि तब्येतीला जप.

तुझी

---

५ मार्च

डॉक्टरीणबाईंना,

तब्येतीला जप असं लिहायला तुमचं पेन चाललं तरी कसं?

मी तुझ्यावर लॅबसाठी रागावले असं तुला वाटतं. लॅब गेली खड्ड्यात. नीट वाच आता. सप्टेंबरात मला आंघोळ करताना छातीत गाठ लागली, डाव्या बाजूला, सुपारीएवढी. आधी कोणाला बोलले नाही. मग बारक्याला सांगितलं. तो मला सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी जाड सुईने तुकडे काढले. दुखलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. बारक्या म्हणाला, "आई, काळजी करू नकोस, आपल्या सगळ्या स्लाइडा मी ताईकडेच पाठवतो, तिकडून बघून ती सही करते. तुझीही तीच बघेल. मी कळवलंय तिला."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ साधी आहे, काही करायची गरज नाही. खाली तुझी सही. सर्जन म्हणाले, "तुमच्या लेकीनेच बघितलंय, आता कसली चिंता!" मीही म्हटलं, हो, आता कसली चिंता.

त्या रविवारी तुझा फोन आला. मला वाटलं, आता विचारेल. तू विचारलंस काय, तर गॅलरीतल्या कुंड्यांना रोज पाणी घालतेस ना. कुंड्यांना! पुढच्या रविवारी तुझ्या घरातली गळकी टाकी. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काही. आईच्या अंगातला तुकडा काचेवर ठेवून बघितलास, त्याखाली सही ठोकलीस, आणि तोंडाने एक शब्द नाही, "आई, घाबरली होतीस का?" एवढा एक. परक्या बाईला तरी विचारतेस ना? का तिलाही कागदच देतेस?

म्हणून मी फोनवर येणं सोडलं. आंघोळीला नव्हते गेले. शेजारीच बसलेली असायचे, तुझा आवाज ऐकू यायचा.

आणि आता तू लिहितेस की तू न पाहिलेल्या कागदांवर तुझी सही असते. हे पत्र मी चार वेळा वाचलं. मला सरळ सांग. माझी पाहिली होतीस की नाही?

आई

---

१० मार्च

बारक्या,

आईची स्लाइड. आईचा ठोकळा. आजच्या आज, कोणाच्या तरी हाती, टपालाने नाही.

बाकीच्याही पाठव. पण आईची आधी.

आईला मी फोन केला होता. "नव्हती पाहिली" एवढं सांगितलं. तिने "बरं" म्हटलं आणि ठेवला. ते "बरं" ऐकायला तू तिथे असायला हवा होतास.

---

१४ मार्च

ताई,

आपला ड्रायव्हर स्वतः खोकी घेऊन येतोय. सगळ्या स्लाइडा आहेत, तारखेप्रमाणे लावल्यात, ठोकळे खालच्या थरात. आईची वेगळ्या डबीत, कापसात गुंडाळून.

हो, मीच बघत होतो. अनुभवी डॉक्टर वगैरे कोणी नाही. एक जण ठेवला होता, तो दोन महिन्यांत गेला, म्हणाला अशा आडबाजूला मन रमत नाही. मग दुसरा मिळेना. लोक यायचे थांबत नव्हते. तुझं नाव बघूनच यायचे, त्यांना परत कसं पाठवू? सोप्या तेवढ्या करायचो. अवघड वाटली की "मोठ्या शहरात दाखवा" म्हणायचो. माझ्या बऱ्याचशा बरोबर निघतील बघ. तू नको म्हणालीस तरी मी तुझ्याकडून शिकलोय.

आईला मी खोटं बोललो ते तिला धीर यावा म्हणून. आता आई ताट वाढते, समोर ठेवते आणि आत जाते.

जे असेल ते मला आधी सांग. तिला एकदम सांगू नकोस.

बारक्या

---

२२ मार्च

बारक्या,

तुला आधी सांगणार नाही. आईलाही आजच लिहितेय, तिला तिच्या घरात तिसऱ्या माणसाकडून कळायला नको.

बाकीच्या स्लाइडा मी बघत बसले आहे. बऱ्याचशा बरोबर आहेत, तू म्हणालास तसं. दोन चुकल्या आहेत. त्या माणसांना मी फोन करून बोलावलंय. एक आला. दुसऱ्याच्या घरून कोणी फोन उचलत नाही, आणि मी सारखी तो नंबर फिरवतेय. बहुतेक बरोबर असण्याचा तुला अभिमान वाटतो ना, तर तो नंबर तुलाही देते, तूही फिरव.

आता आईची.

मला काही सापडलं की स्लाइडवर त्या जागी मी निळ्या पेनाने ठिपका देते. तू माझी वाक्यं उचललीस तसा तो ठिपकाही उचललास. खोक्यातल्या प्रत्येक स्लाइडवर तुझा निळा ठिपका आहे, साध्या गाठींवरसुद्धा. आईच्या स्लाइडवर एकही नाही. म्हटलं, विसरला असेल. मग मी ती मायक्रोस्कोपवर लावायला गेले तर ती स्लाइड धरणाऱ्या पट्टीत बसेना. वरची काच चिकटवताना डिंक कडेने ओघळलाय आणि तसाच दगडासारखा सुकलाय. तुझ्या हातून असं काम होत नाही. मला ब्लेडने खरवडून काढावा लागला, तेव्हा कुठे ती बसली.

ती काच त्याआधी कुठल्याही मायक्रोस्कोपखाली जाऊच शकत नव्हती. तू आईची स्लाइड चुकीची वाचली नाहीस. तू ती वाचलीच नाहीस. न बघता "साधी" म्हणून छापलीस आणि खाली माझी सही लावलीस.

मी स्वतः बघितली. पण आपल्या माणसाच्या स्लाइडवर माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून नाव झाकून नुसता नंबर ठेवला आणि सरांच्या टेबलावर नेली. सरांनी दोन मिनिटं बघितली, डोळा वर केला आणि विचारलं, "हिला बोलावलंय का? लवकर बोलवा." मग मी सांगितलं कोणाची आहे ते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मी बसले.

कॅन्सर आहे. आई म्हणाली सुपारीएवढी होती, म्हणजे लहान असेल अजून. ऑपरेशन होईल आणि पुढचं औषधपाणी होईल, आणि मी आशा सोडलेली नाही. पण ऑक्टोबरातच काढली असती तर काय झालं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. पाच महिने, बारक्या. आईने पाच महिने माझ्या सहीवर भरवसा ठेवून निर्धास्त काढले. आणि माझ्यावर रुसून काढले.

काउन्सिलला पत्र गेलं. त्यात आईचा उल्लेख आहे, तुझा आहे, आणि मी कोरी सही देऊन ठेवली होती तोही आहे. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे.

तू हे का केलंस? स्क्रू गंजले होते, असं मात्र लिहू नकोस.

ताई

---

२२ मार्च

आई,

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. तुझी गाठ साधी नाही. कॅन्सरची आहे. दोघांनी पाहिली, मी आणि आमच्या सरांनी, वेगवेगळी. दोघांचं एकच मत आहे.

सुपारीएवढी लिहिलीस, म्हणजे लहान असावी. इथले सर्जन चांगले आहेत, हाताला हलके, आणि पेशंटशी बोलतातही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख धरली आहे. आधी काही तपासण्या होतील. माझी खोली मोकळी केलीय, खिडकीजवळचा पलंग तुझा.

सोबत खरा रिपोर्ट पाठवतेय. त्यावर माझी सही नाही, सरांची आहे. मी करू शकले असते, पण केली नाही. आईचा रिपोर्ट लेकीने द्यायचा नसतो, तिचा डोळा तिला हवं तेच दाखवतो. त्यामुळे माझं नाव नाही म्हणून पुन्हा रागावू नकोस.

तू शेजारी बसून माझा आवाज ऐकत होतीस हे वाचल्यापासून मला काही सुचत नाही. मला माहीत असतं तर मी पहिल्या गाडीने आले असते. मी फोनवर कुंड्यांचं बोलत राहिले. सप्टेंबरात तू मला थेट का नाही सांगितलंस? त्याच्या तोंडून निरोप कशाला पाठवलास? मलाही राग आहे तुझ्यावर, आई. त्या रागाचं काय करायचं ते कळत नाहीये.

घाबरली आहेस का?

तुझी

---

२८ मार्च

ताई,

स्क्रूचं लिहीत नाही.

तुकडे आले तेव्हा बाटलीवर आईचं नाव होतं. ते मीच लिहिलं होतं, माझंच अक्षर. वरची काच चिकटवताना सारखी ती बाटली दिसत होती. डिंक सांडला तो तेव्हाच. स्लाइड सुकत ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे फिरकलो नाही. बघितली आणि वाईट निघाली तर काय, हाच विचार डोक्यात. तुला पाठवली असती, पण तुला पाठवली की तुला कळणार होतं की बोर्ड अजून आहे. सर्जनचा फोन आला, रिपोर्ट कुठाय म्हणून. मी साध्या गाठीचा एक जुना उघडला, नाव बदललं आणि छापला. साधी निघू दे म्हणून साधी छापली. बस, एवढंच आहे. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

त्या दुसऱ्या माणसाच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. ते गावाला गेलेत, सोमवारी येतात. सोमवारी मी पुन्हा दारात उभा राहीन.

शटर लावलंय. चौघांना घरी बसा म्हटलं.

काउन्सिलचं पत्र मागे घेता येत नाही का? चूक झाली असं मी लिहून देतो. मला माहीत आहे मी हे विचारायला नको. तरी विचारतोय.

बारक्या

---

२ एप्रिल

माझ्या लेकीस,

तुझं पाकीट आलं. आधी रिपोर्ट उघडला. खाली तुझी सही नाही हे बघून पहिल्यांदा डोकंच फिरलं. म्हटलं, या वेळी तर सहीचेही कष्ट घेतले नाहीत. मग पत्र वाचलं.

जुना रिपोर्ट मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. तुझ्यावर एवढी चिडलेली असून फाडला नव्हता, तुझी सही होती ना त्यावर. आता दोन्ही कागद समोर ठेवलेत. ज्याच्यावर तुझी सही आहे तो खोटा, आणि नाही तो खरा. मला जरा वेळ लागेल हे पचायला.

सप्टेंबरात तुला थेट का नाही सांगितलं? तू डॉक्टर म्हणून. तुझ्या तोंडून वाईट ऐकायची भीती वाटली, म्हणून त्याला मधे घातला. माझंही चुकलंच. पण ते मी समोरासमोर कबूल करीन, पत्रात नाही.

बारक्या माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, ताईला सांग ना तक्रार मागे घ्यायला, तुझं ती ऐकेल." मी म्हटलं, "तुझ्या बायकोची गाठ असती आणि दुसऱ्या कोणी न बघता कागद छापला असता, तर तू काय केलं असतंस?" तो रडायला लागला. मला पाझर फुटला, खोटं कशाला बोलू, माझंच पोर आहे. डोक्यावरून हात फिरवला. पण तुला मागे घे असं सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

काल मी लॅबवर गेले. त्याला म्हटलं, शिडी धर. तो म्हणाला, "आई, तू कशाला चढतेस, स्क्रू गंजलेत." म्हटलं, बघू तर खरं किती गंजलेत ते. चारांतले तीन हाताने सुटले, पोरी. हाताने! चौथ्याला थोडं तेल लागलं. रस्त्यातली माणसं उभी राहून बघत होती. एक जण म्हणाला, "काकू, लॅब हलवताय का?" मी वरूनच सांगितलं, "नाही, माझी लेक इथे बसत नाही. दीड वर्ष झालं बसत नाही. कोणी तिच्या नावाचा रिपोर्ट नेला असेल तर पुन्हा तपासून घ्या." बारक्या खाली मान घालून शिडी धरून उभा होता. शिडी मात्र हलू दिली नाही त्याने.

बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळलाय. घेऊन येतेय. तुझी चीज आहे, तू ठेव नाहीतर फेक.

सोमवारी दुपारी पोचते. सोबत कोणी नको म्हटलंय. घाबरली आहेस का असं विचारलंस. हो, खूप. पाच महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतंस असं लिहिणार होते, पण तुला माहीतच नव्हतं हे आता मलाच सारखं आठवून घ्यावं लागतंय. राग इतक्यात जाईलसं दिसत नाही. तिथे आल्यावर आधी भांडू आणि मग ऑपरेशन करू, का उलट, ते तुमच्या सर्जनला विचारून ठेव.

आणि मला घ्यायला तू ये. ड्रायव्हर नको, हॉस्पिटलातलं कोणी नको, माझ्या नावाची पाटी धरून उभा राहिलेला कोणी तर मुळीच नको. तू स्वतः ये.

आई